एजंटला फाइल वाचून देणाऱ्या टूलचं वर्णन कसं लिहावं

एजंट म्हणजे टूल वापरून स्वतःच कामं करणारं एआय मॉडेल. त्याच्यासाठी मी पहिल्यांदा असं टूल लिहिलं तेव्हा त्याचं वर्णन एका ओळीत उरकलं होतं: "रिपॉझिटरीतली फाइल वाचतं." (रिपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींचा साठा.) टूल एका वेळी फक्त ५०० ओळी परत देत होतं, आणि ही गोष्ट मी कुठेच लिहिली नव्हती. एजंटने ८१२ ओळींची फाइल मागितली, ५०० ओळी मिळाल्यावर फाइल संपली असं धरलं आणि एक छोटी दुरुस्ती करून अख्खी फाइल नव्याने लिहून टाकली. खालच्या ३१२ ओळी गेल्या. फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये होत्या म्हणून परत मिळाल्या. फंक्शन मध्येच तुटलेलं दिसलं की माणूस थांबून विचारतो, "बाकीचं कुठे आहे?" एजंट विचारेलच असं नाही. तेव्हापासून मी वर्णनाकडे टूलचाच भाग म्हणून बघते.

आधी हे वर्णन कुठे लिहायचं ते पक्कं करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याच्या एमसीपी या पद्धतीत, प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा) असतो. टूल कधी आणि कसं वापरायचं हे मॉडेल त्यावरूनच ठरवतं. तुमची सुंदर रीडमी फाइल टूल बसवणाऱ्या माणसाच्या कामाची; मॉडेलपुढे ती आपोआप जात नाही. त्यामुळे महत्त्वाची प्रत्येक अट वर्णनात किंवा त्या त्या पॅरामीटरच्या, म्हणजे टूलला द्यायच्या प्रत्येक मूल्याच्या, माहितीत यायलाच हवी.

पहिल्या दोन वाक्यांत टूल काय करतं आणि कधी वापरू नये हे सांगा. उदाहरणार्थ: "माहीत असलेल्या पाथवरची एक टेक्स्ट फाइल वाचतं. फाइल कुठे आहे हे माहीत नसेल तर आधी शोधाचं टूल वापरा." दुसरं वाक्य नसेल तर एजंट पाथचे अंदाज बांधत एकामागून एक कॉल करत सुटतो.

आता पॅरामीटर. पाथसाठी "फाइलचा पाथ" एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. पाथ रिपॉझिटरीच्या मुळापासून मोजायचा, सुरुवातीला तिरकी रेघ द्यायची नाही, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, हे सगळं लिहा आणि एक खरा नमुना द्या. ब्रँच, म्हणजे रिपॉझिटरीतली कामाची शाखा, दिली नाही तर कुठली घेतली जाते तेही सांगा. मुख्य ब्रँच 'मेन' असेलच असं नाही, जुन्या रिपॉझिटरीत ती बऱ्याचदा 'मास्टर' असते. शिवाय ब्रँच पुढे सरकते. एजंट एका कामासाठी दहा फाइली वाचत असताना कुणी पुश केलं, म्हणजे नवे बदल चढवले, तर अर्ध्या फाइली जुन्या आणि अर्ध्या नव्या मिळतील. म्हणून मी लिहिते: "एकाच कामात अनेक फाइली वाचायच्या असतील तर ब्रँचऐवजी कमिटचा पूर्ण हॅश द्या." कमिट म्हणजे नोंदवून ठेवलेली एक ठरावीक स्थिती आणि हॅश म्हणजे तिची न बदलणारी ओळख. ओळींची मोजणी १ पासून की ० पासून, शेवटची ओळ धरायची की नाही, हेही मोघम ठेवू नका.

मर्यादेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझा घात तिनेच केला. मर्यादा ओळींत आहे, अक्षरांत की बाइटमध्ये, ते एकक लिहा. 'क्षि' डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, पण त्यात ४ कोडपॉइंट (युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं) आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १२. देवनागरी कॉमेंट असलेली फाइल बाइटच्या मर्यादेला फार लवकर धडकते, आणि काप चुकीच्या जागी पडला तर अक्षरच मोडतं. मर्यादा वर्णनात लिहून भागत नाही, उत्तरातही दिसली पाहिजे. माझं टूल आता उत्तराच्या वरच सांगतं: "एकूण ८१२ ओळी. या १ ते ५००. पुढचा भाग हवा असल्यास ५०१ पासून मागा." ओळींना क्रमांक जोडून देत असाल तर ते फाइलचा भाग नाहीत हेही लिहा, नाहीतर एजंट क्रमांकांसकट कोड परत चिकटवतो.

काही चुकल्यावर टूल देतं तो निरोपसुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग. "अवैध विनंती" वाचून एजंटने करायचं काय? "या फोल्डरमध्ये अशी फाइल नाही, फोल्डरची यादी मागून पाहा" हे वाचून पुढचं पाऊल कळतं. एमसीपीत असे निरोप टूलच्या उत्तरातच, चूक झाल्याची खूण लावून पाठवा, म्हणजे मॉडेलला ते वाचून चूक सुधारता येते. रिकामी फाइल आणि नसलेली फाइल वेगळ्या दाखवा. गिटहब खासगी रिपॉझिटरीसाठी परवानगी नसली तरी ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' हा कोड, देतं, तेव्हा त्या कोडचे दोन्ही अर्थ सांगा. मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणाऱ्या गिट एलएफएसमधली फाइल मागितल्यावर कधी नुसता तीन ओळींचा पॉइंटर, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा मजकूर, हाती येतो. तसं झालं तर तो खरा मजकूर नव्हे हेही स्पष्ट सांगा.

सुरक्षेची भिस्त मात्र शब्दांवर ठेवू नका. '../' (वरच्या फोल्डरमध्ये नेणारी खूण) वापरून किंवा सिमलिंकवरून, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यावरून, रिपॉझिटरीबाहेर जाणं कोडमध्येच अडवा: आधी खरा पाथ काढा, मग तो मुळाच्या आत आहे का ते तपासा. गुपितं असलेल्या डॉट ईएनव्ही फाइली नाकारत असाल तर तसं लिहा, म्हणजे एजंट आडवाटा शोधत बसणार नाही. फाइलमधला मजकूर म्हणजे माहिती, आज्ञा नव्हे, हेही मी लिहिते. पण कुणी कॉमेंटमध्ये एजंटसाठी हुकूम पेरला असेल तर तेवढ्या वाक्याने तो थांबेल असं मी धरत नाही. म्हणून या टूलला लिहिण्याचा अधिकार देतच नाही.

शेवटी चाचणी. कोरं सत्र उघडा, फक्त टूल द्या, दहा खरी कामं सांगा आणि कॉलचा लॉग वाचा. कॉल चुकला की वर्णनातलं कुठलं वाक्य कमी पडलं ते शोधा, एका वेळी एकच वाक्य बदला आणि तीच कामं पुन्हा करून घ्या. वर्णन प्रत्येक वेळी कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली, जागा खातं, तेव्हा जे वाक्य काढूनही कॉल बिघडत नाहीत ते काढून टाका.