फ्रॉस्टच्या आधी हिरव्या टोमॅटोंची आढी

आमच्याकडे न्यू जर्सीत दसरा-दिवाळीच्या मधे कधीतरी पहिला फ्रॉस्ट पडतो, म्हणजे रात्री दव गोठून झाडं करपतात, आणि दर वर्षी त्या दिवशी झाडांना बादलीभर हिरवे टोमॅटो लटकलेले असतातच. मग रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन अंगणात पळापळ. यंदा ती नको म्हणून लिहून ठेवतेय, कुणाला उपयोग झाला तर घ्या.

सुरुवात खरं तर सप्टेंबरातच करायची. लेबर डेची, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी मी शेंडे खुडायला ठेवलीय. फूल येऊन लाल टोमॅटो व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे सप्टेंबरात आलेलं फूल ऑक्टोबर संपताना पिकणार, थंडीत त्याहून उशिरा, म्हणजे नाहीच. तेव्हा शेंडे, नवी फुलं, सुपारीएवढी फळं सगळी काढून टाकायची, जीव तुटतो पण झाडाची ताकद मग मोठ्या फळांकडे जाते.

ऑक्टोबर लागला की फोनवर रोज रात्रीचं टेंपरेचर बघायचं. नुसता ३२ फॅरनहाइटचा, म्हणजे पाणी गोठण्याचा, आकडा धरून बसू नका, आकाश मोकळं आणि वारा पडलेला असेल तर ३६ दाखवत असतानाही फ्रॉस्ट पडू शकतो. एखाद्या रात्रीचाच प्रश्न असेल तर जुनी चादर टाकायची, पण पार जमिनीला टेकेल अशी, कारण ऊब जमिनीतून वर येते. रात्री सलग पन्नासच्या खाली जायला लागल्या की मात्र हट्ट सोडून फळं काढून घ्यायची. पहिल्या वर्षी मी 'अजून एक दिवस ऊन मिळू दे' म्हणत थांबले आणि सकाळी बघते तर टोमॅटो काचेसारखे पाणीदार दिसतायत, दुपारपर्यंत सगळ्यांचा लगदा.

आता मुख्य काम म्हणजे निवड, कारण सगळेच हिरवे टोमॅटो पिकत नाहीत. पूर्ण वाढलेलं फळ गडद हिरवं नसतं, थोडं पांढुरकं पडतं, सालीला चकाकी येते. शंका असेल तर त्या झाडाचा एक बळी द्यायचा, धारदार सुरीने मधोमध कापायचा. आत बिया गिळगिळीत रसात असतील आणि सुरीखालून निसटत असतील तर त्या आकाराचे बाकीचे पिकणार, बियाच कापल्या गेल्या तर ते कच्चे, त्यांची सरळ चटणी. बुडाशी गुलाबी झाक आलेले वेगळे ठेवा, त्यांची काळजीच नाही, चार-सहा दिवसांत होतात. चिरलेले, दबलेले, तपकिरी टणक डाग पडलेले अजिबात आत आणायचे नाहीत, ते डाग म्हणजे करपा रोग असतो आणि तो खोक्यात गेला की शेजाऱ्यांनाही घेऊन बुडतो.

सामान फार काही नाही. पसरट पुठ्ठ्याची खोकी, जुने पेपर, कोरडं फडकं, दोन-तीन केळी. देठ अलगद काढायचे नाहीतर शेजारच्या फळात घुसतात, पुसून घ्यायचे, ओले बिलकुल ठेवायचे नाहीत, आणि एकच थर, फळाला फळ न लागता. इथे माझी कोकणातली सवय आड आली. आजोळी पेंढ्यात आंब्याची आढी घालायचे, थरावर थर, म्हणून मीही टोमॅटोचे तीन थर रचले आणि वर जाड चादर. आठवड्याने खोकं उचललं तर बूड गळून हातात, गराजभर वास! आंब्याला ती ऊब मानवते, टोमॅटोला हवा खेळती लागते. बाकी तत्त्व तेच, पिकणाऱ्या फळातून इथिलीन गॅस निघतो आणि तो आजूबाजूच्यांना पिकवतो. फळं हा गॅस स्वतःच तयार करतात हे १९३४ साली रिचर्ड गेनने सफरचंदांवर दाखवून दिलं, आणि त्यासाठीच ते केळं. पिवळं धमक घ्या, हिरवं केळं टोमॅटोइतकंच आळशी. घाईचे चार-पाच केळ्यासोबत कागदी पिशवीत घालायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून बुरशी येते.

खिडकीत उन्हाला मांडून ठेवायची गरज नाही, फोटोला छान दिसतात तेवढंच. पिकायला उजेड लागत नाही, ऊब लागते. ६५ ते ७० फॅरनहाइटला दोनेक आठवड्यांत लाल होतात, बेसमेंटमधे ५५ च्या आसपास ठेवले तर तीन-चार आठवडे घेतात. म्हणून मी दोन खोकी करते, एक किचनमधे एक खाली, म्हणजे सगळे एकदम अंगावर येत नाहीत. हिरवे टोमॅटो फ्रिजमधे मात्र ठेवू नका, तिथे पिकणं थांबतं आणि बाहेर काढल्यावरही नीट रंगत नाहीत. दर एक-दोन दिवसांनी खोकं बघायचं, मऊ पडलेलं लगेच बाहेर. हे काम घरात एकाच माणसाला द्या, 'तू बघितलंस ना' मधे आमचे डझनभर गेलेत.

चेरी टोमॅटो एकेक खुडत बसू नका, अख्खं झाड मुळासकट उपटून माती झटकून गराजमधे उलटं टांगा, खाली पेपर. करपा असेल तर मात्र नको.

चवीची अपेक्षा जरा बेताची ठेवा, ऑगस्टमधल्या उन्हातल्या टोमॅटोची सर नाही येणार, सार-रस्सा-आमटीला मस्त चालतात. आणि कच्चे राहिलेले त्याच रात्री फोडी करून तेलात लसूण-मिरचीबरोबर परतायचे, तीळ आणि दाण्याचं कूट, गुळाचा खडा, मिक्सरमधून चटणी जाडसरच काढायची. भाकरीचं पीठ आधीच आणून ठेवा, इंडियन ग्रोसरीत आयत्या वेळी नेमकी ज्वारीच संपलेली असते.