भात निसवायच्या आत बंदुकीची नळी तपासून घ्या

कोकणात हळवं भात निसवू लागलं की रानडुकरांचा फेरा सुरू होतो आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडलेली शेतीसंरक्षणाची बंदूक बाहेर निघते. ‘नळी गेली, बदलायला हवी’ हे लक्षात येतं ते नेमकं तेव्हा. कापणीच्या तोंडावर नळी बदलून मिळत नाही, म्हणून तपासणी आत्ताच करा. कित्येकदा बदलायची गरजही नसते.

आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा. ठासणीची असेल तर टोपी काढा, गज आत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडीच्या, बरंच अलीकडे थांबलं तर गेल्या साली भरलेला बार आत तसाच आहे असं समजा. उकरू नका, कारागिराला बोलवा.

दुनळीच्या नळ्या सोडवून मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहा. आत उजेडाची गोल कडी अखंड दिसायला हवी. कडी मोडलेली दिसली तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. पोचा कारागीर काढतो, फुगलेली नळी मात्र बादच. बांध ओलांडताना तोंडात गेलेला चिखल नाहीतर कुंभारीण माशीने आत बांधलेलं मातीचं घर, ही फुगण्याची नेहमीची कारणं. मग नळ्या आकड्याला दोरी बांधून लोंबत्या ठेवा आणि बोटाच्या पेराने ठोका. घंटेसारखा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली असते, तिच्याखाली पाणी शिरून गंज धरतो.

पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटून हलवली आणि नळी खुळखुळली, तर दोष बहुधा बिजागरीच्या खिळीत असतो. नवी नळी घालून तो जात नाही.

बदलायचीच ठरली तर बारा बोअरची नळी बारा बोअरच्या कुठल्याही बंदुकीला बसेल, या भ्रमात राहू नका. ती कारागिराने घासून, त्याच बंदुकीला बसवावी लागते. काडतुसाचं घर 65 मिमीचं की 70चं, हे विचारून घ्या. 70चं काडतूस 65च्या घरात सहज जातं. बार उडाल्यावर त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. वेल्डिंगवाल्याकडून पाइप बसवून घेणं तर जिवाशी खेळ आहे.

नळी हा कायद्याने शस्त्राचाच भाग. दुरुस्ती परवानाधारक दुकानातच करा, पावती ठेवा, आणि नळीवरचा नंबर बदलणार असेल तर काम सुरू करण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं हा शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 6नुसार गुन्हा आहे. रानडुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. तो अर्जही याच आठवड्यात टाका.