मेहरूणची वाट सगळ्यांची: सायकल, पायी आणि कुत्र्यासोबत

एप्रिल-मेमध्ये जळगावात ऊन चढलं की बाहेर पडवत नाही. त्यामुळे मेहरूण तलावावर सायकलवाले, फिरायला येणारे आणि कुत्री घेऊन येणारे सगळे पहाटेच एका वाटेवर गाठ पडतात. मी सकाळी सायकल चालवते आणि संध्याकाळी तिथेच आमच्या मोत्याला फिरवते, म्हणून दोन्हीकडची अडचण मला कळते.

सगळ्यांनी डावी बाजू धरायची आणि पुढे जायचं ते उजवीकडून.

जास्त जबाबदारी सायकलवाल्याची, कारण वेग त्याच्याकडे आहे. ताशी २० किलोमीटरने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. आजींनी मान वळवेपर्यंत तुम्ही त्यांच्यापाशी पोचलेले असता. म्हणून घंटी वीसेक मीटर आधी, एकदाच वाजवा आणि बोटं ब्रेकवर ठेवा. पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकून कुठे उडी मारेल याचा नेम नाही. मी तोंडाने सांगते, “मावशी, तशाच चालत राहा, मी बाजूने जाते.” पोरं खेळत असतील तर सरळ उतरा. लुकलुकणारा दिवा जमिनीकडे वळवा, समोरच्याच्या डोळ्यांवर नको.

चालणाऱ्यांनी चौघं-चौघं आडवे होऊ नये, आणि फोन आला तर कडेला थांबून बोलावं.

कुत्र्याचा पट्टा आखूडच हवा. लांब सुटणारी बारीक दोरी मला अजिबात पसंत नाही. अंधुक उजेडात ती दिसत नाही आणि चाकात गुंतली की सायकलस्वार आणि मुकं जनावर दोघंही जखमी होतात. कुत्रा डाव्या हाताला, कडेच्या बाजूने ठेवा, म्हणजे सायकल आणि त्याच्या मधे तुम्ही असता. सायकल दिसली की मी मोत्याला खाली बसवते, ती गेल्यावरच उठवते. त्याची घाण उचलायला पिशवी खिशात असतेच.

मोकाट कुत्री पळत्या चाकामागे लागतात. वेग वाढवू नका. हळू होऊन उतरा, सायकल मधे धरा आणि पाठ न फिरवता चालत बाजूला व्हा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस घ्या.