एल्फिन्स्टन नेमका कुठला?

फोंड्याच्या वाचनालयात मुलं येतात आणि "एल्फिन्स्टनवर काही आहे?" म्हणतात. मी विचारते, कुठल्या सालचा? नुसत्या आडनावावर शोधायला बसलात तर घोळ झालाच म्हणून समजा.

कोऱ्या कागदावर आधी साल लिहा, मग हुद्दा, नाव शेवटी. १८१९ ते १८२७, मुंबईचा गव्हर्नर: माउंटस्टुअर्ट, पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट. १८५३ ते १८६०, पुन्हा मुंबईचा गव्हर्नर: लॉर्ड जॉन, त्याचा पुतण्या. कॉलेज काकाच्या नावाचं, रेल्वे स्टेशन पुतण्याच्या. त्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात. १८४२ साली काबूलहून माघार घेताना ज्याची फौज कापली गेली, तो जनरल विल्यम, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. परीक्षेत या तिघांचा एकच माणूस करणारे दरवर्षी भेटतात.

मग किताब, म्हणजे मिळालेली पदवी, बघा. हे बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच माणूस हरवतो. माउंटस्टुअर्टचा चुलता जॉर्ज हा नौदलातला ॲडमिरल. पुढे तो व्हायकाउंट कीथ झाला. पुस्तकाच्या सूचीत त्याला 'ए'खाली शोधून उपयोग नाही, 'क'खाली पाहा.

नातं मात्र कागदाशिवाय जोडू नका. दोना पावलाच्या ब्रिटिश दफनभूमीत ओळखीचं आडनाव दिसलं, तरी बापाचं नाव मिळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा. पणजीत पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात संदर्भ विभागात चरित्रकोश मागा. सकाळी गेलात तर बसायला जागाही मिळते.