कीटकांमार्फत पसरणारे जनावरांचे विषाणू : पाळत ठेवताना या चुका टाळा

जनावरांत नवा विषाणू शिरला की धावपळ सुरू होते आणि त्या धावपळीत दर वेळी तेच घोळ होतात. सगळ्यांत मोठा घोळ नमुन्यांचा.

अंगावर लंपीसारख्या गाठी दिसल्या की तुकडा कापून थेट फॉर्मेलिनमध्ये टाकणारे अजून भेटतात. फॉर्मेलिनमुळे पेशींची रचना टिकते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला ते ठीक. पण त्यात विषाणू मरतो, तो वाढवून बघता येत नाही आणि पीसीआरही बेभरवशाची होते. एका कळपातून आमच्याकडे असेच नमुने आले होते. गाठी फॉर्मेलिनमध्ये, रक्त हेपरिनच्या नळ्यांत (हेपरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं) आणि नळ्यांवरची शाई वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं पुसलेली. कोणती नळी कोणत्या जनावराची, काही कळेना. पुन्हा नमुने घ्यायला माणूस पोहोचला तोवर ताप उतरले होते, रक्तात विषाणू मिळेना. शेवटी वाळलेल्या खपल्यांवर निदान झालं, कारण खपलीत लंपीचा विषाणू महिन्याहून जास्त टिकतो. मधल्या काळात त्या कळपातली जनावरं बाजारात जातच होती.

म्हणून मी ताप असतानाच ईडीटीएच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त घेतो, सीरमसाठी (रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासाठी) साधी नळी वेगळी आणि गाठ किंवा खपली कोरड्या निर्जंतुक डबीत. अख्खं रक्त कधी गोठवत नाही, फक्त गार ठेवतो. खुणा पेन्सिलीनं, चिकटपट्टीवर. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जनावराचं पुन्हा सीरम. नवख्यांना हा दुसरा फेरा नको असतो, एका नळीत उत्तर हवं असतं. पण प्रतिपिंडं एकदाच मोजली तर संसर्ग ताजा की जुना हे ठरत नाही.

दुसरी चूक मला याहून जास्त बोचते. ओळखीच्या सगळ्या रोगांना निगेटिव्ह आलेले नमुने फेकून देणं. 2011 मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये दुभत्या गाईंना ताप, हगवण, दूध कमी होणं असा त्रास सुरू झाला. ओळखीचं काहीच सापडेना. तरी जर्मन शास्त्रज्ञांनी श्मालेनबर्ग गावाजवळच्या गाईंचे नमुने सोडले नाहीत, त्यातला सगळा जनुकीय मजकूर वाचून काढला आणि नोव्हेंबरमध्ये नवा विषाणू हाती लागला. पुढच्याच महिन्यात वाकड्या पायांची, अपंग कोकरं जन्मू लागली, तेव्हा कारण शोधायला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. ‘निगेटिव्ह’ लिहून नळी कचऱ्यात टाकली असती, तर हे शक्य होतं का?

‘आपल्याकडचे कीटक हा रोग पसरवत नाहीत’ हेही ऐकून कान किटले. ब्लूटंग हा मेंढ्या-गुरांचा विषाणूजन्य रोग. त्याचा मुख्य वाहक मानलं जाणारं क्युलिकॉइडिस इमिकोला जातीचं चिलट उत्तर युरोपात नव्हतं. 2006 मध्ये तिथल्या स्थानिक चिलटांनीच आठव्या प्रकारचा ब्लूटंग पसरवला.

चिलटांचा सापळा अंधार पडल्यावर लावू नका, त्यांची खरी गडबड तिन्हीसांजेला असते. जाळी डासांची चालत नाही, ही चिलटं एक ते तीन मिलिमीटरची, सहज निसटतात. लसीकरणात एकच सुई कळपभर फिरवणाऱ्याला तिथेच थांबवा, लंपी त्यातूनही पसरू शकतो.

रिफ्ट व्हॅली फिव्हरची (डासांमार्फत पसरणाऱ्या, जनावरं गाभडवणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) शंका असेल तर गाभडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलू नका आणि पुरेशा संरक्षणाशिवाय शवविच्छेदनाची घाई करू नका. रक्त आणि ऊतींमधून तो माणसाला होतो. जोरदार पाऊस आणि पूर झाले की एडिस डासांची जमिनीत पडून राहिलेली अंडी उबतात, म्हणून पावसावर नजर ठेवावी लागते. 2006 मध्ये पूर्व आफ्रिकेत उपग्रहांच्या नोंदींवरून साथीचा इशारा आधी मिळाला होता. असा इशारा आल्यावर हातमोजे, नळ्या आणि लशीची मागणी त्याच दिवशी नोंदवायची, पहिला गर्भपात होईपर्यंत वाट बघायची नाही.