दमदार बाससाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा सोडून द्या, त्याला अर्थ नाही. आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) पाहा, आणि तेही २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे एकक) स्पीकरवर, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना मोजलेले. फक्त १ किलोहर्ट्‌झवर मोजलेला आकडा बासबद्दल काहीच सांगत नाही.

आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणून ५० ऐवजी ६० वॅट घेऊन फरक जाणवणार नाही. स्पीकर ४ ओहमचे असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला चालतो का, हे आधी तपासा. नाहीतर तो तापून बंद पडतो. ताकद कमी पडली की क्लिपिंग होते, म्हणजे आवाजाच्या लहरींची टोके कापली जातात: बास फाटतो आणि ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो.

डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरच्या हालचालीवर अ‍ॅम्प्लिफायरचा ताबा किती याचा आकडा, ५०च्या वर पुरेसा. पण तो वायरीत वाया जातो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ५ मीटर अंतराला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर लावली, तर ८ ओहमच्या स्पीकरला २००चा फॅक्टर जेमतेम ३० उरतो. २.५ची वायर घ्या.

सबवूफर प्री-आउट (बासचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, जोडायची जागा) हवेच. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्‌झपासून सुरू करा.