शीट फिल्म घरी डेव्हलप करताना: खरी कसोटी लोडिंगची

चार बाय पाच इंचांच्या शीट्स (मोठ्या कॅमेऱ्याच्या सुट्या फिल्म्स) धुवायला स्वतंत्र डार्करूम लागते, हा समज आधी डोक्यातून काढा. सहा शीट्सचा होल्डर, तो ज्यात बसतो ती तीन रिळांची पॅटरसन टँक (झाकण लावलं की आत उजेड न जाऊ देणारं, फिल्म धुण्याचं भांडं) आणि एक ठार अंधारी खोली, एवढ्यावर भागतं. लाल दिव्याचा मोह नको. पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणारी फिल्म त्यानेही काळवंडते. रसायनं 20 अंशांवर आणून, मापून हाताशी ठेवा.

आता लोडिंग. 'अंधारात शीट्स खोबणीत सरकवा' असं एका ओळीत सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे काम कधी केलं असेल का, अशी मला शंका येते. शीट वाकवायची, दोन्ही कडा जोडीच्या खोबणीतच घालायच्या आणि इमल्शनला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या थराला, बोट लावायचं नाही, हे सगळं काही न दिसता. मला ही कला साधायला बराच काळ गेला. म्हणून एक फुकट गेलेली शीट घ्या. आधी उजेडात, मग डोळे मिटून, हात आपोआप चालेपर्यंत घाला-काढा. नवी फिल्म त्यानंतरच उघडा.

शीट उभी धरा. कडेला कोरलेल्या खुणा वर, उजव्या टोकाशी लागल्या की इमल्शन तुमच्याकडे आहे. होल्डरमध्ये ते आतल्या, म्हणजे मधल्या दांड्याच्या बाजूला हवं. सुरुवात आतल्या खोबणींपासून करा. बाहेरच्या आधी भरल्या तर आत बोटंच पोचत नाहीत. प्रत्येक शीट बसली की वरच्या कडेवरून बोट फिरवा. दोन शीट्समध्ये फट लागलीच पाहिजे. त्या एकमेकींना चिकटल्या तर तेवढ्या भागाला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, मिळत नाही, आणि गेलेलं चित्र परत येत नाही.

हात कोरडे ठेवा. घाम आला तर थांबा, शीट्स डब्यात बंद करा, हात पुसा. सहाची सोय असली तरी सुरुवातीला चारच भरा. कोणी काहीही म्हणो, यावर मी ठाम आहे. आणि झाकणाआधी मधला दांडा बसलाय ना, हे चाचपा. त्याच्याशिवाय टँकमध्ये उजेड शिरतो.

पुढचं सोपं आहे. डेव्हलपर पूर्ण एक लिटर घ्या, नाहीतर वरची कड उघडी राहते. इलफर्डच्या एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-11 हा डेव्हलपर, 1+1 (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) मध्ये 13 मिनिटं. दर मिनिटाला टँक चारदा उलटी-सुलटी करा, पण सावकाश. कॉकटेलसारखी घुसळलीत तर शीट्स खोबणीतून निसटतात, आणि लोडिंगची सगळी मेहनत पाण्यात. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा रॅपिड फिक्सर 1+4 पाच मिनिटं, आणि पाणी बदलत 5, 10, 20 वेळा उलटवून धुणं.

मागच्या बाजूला गुलाबी झाक राहिली तर घाबरू नका; शीट काढून साध्या पाण्यात आणखी थोडा वेळ ठेवा. वाळवताना एका कोपऱ्याने टांगा, म्हणजे पाणी समोरच्या कोपऱ्यातून निथळतं.